ज्याचं नाव घेत नाहीत

खासबाग, बेळगाव
सोमवार, ३ ऑक्टोबर १९८३

चि. गंगव्वा हिस,
सिद्रामअण्णाचा सप्रेम जय भीम.

तू बरी असशील. विचारण्याचा हक्क मला राहिला आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून बरी आहेस असं धरूनच लिहितो. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला पावसात वाढला होता, आता उतरतो आहे. तुझ्या दोन साड्या वहिनीने धुऊन घडी घालून ट्रंकेत ठेवल्या आहेत. हुक्केरीला जाणारं कुणी भेटलं की पाठवते म्हणते. हुक्केरीला रोज किती गाड्या जातात ते तिलाही माहीत आहे. दोन महिने झाले, तिला जाणारं कुणी भेटत नाही. त्या साड्या घरात आहेत तोवर तू परत येशील असं तिला वाटतं. 

गंगव्वा, तू आणि मी उंबऱ्यावरची माणसं. डॉक्टर आतले, रोगी बाहेरचे आणि आपण मधले. मी खिडकीत बसून केसपेपर लिहिणारा, तू कॅज्युअल्टीत पहिला हात लावणारी. आपली तक्रार एकच होती आणि पहिल्या दिवसापासून चहा पिताना आपण तीच बोलत आलो. इथे माणसाचं नाव, गाव, वय लिहून घेतात. काय होतंय ते नीट विचारत नाहीत. आणि माणूस रानातला असेल तर बघतही नाहीत. गुंजीच्या वरच्या जंगलातून म्हशी राखणारे गवळी धनगर येतात, त्यांना दाराआडच्या त्या बाकड्यावर बसवतात. वॉर्डबॉय त्याला ‘गवळ्यांचं बाकडं’ म्हणतात. डॉक्टरांच्या टेबलावरून ते दिसत नाही. शहरातला माणूस बोट कापून आला तरी आधी आत जातो आणि घोंगडीत गुंडाळून आणलेला तिथे वाट बघतो. तू म्हणायचीस, "अण्णा, हे बाकडं जाळून टाकूया, थंडीत शेकायला होईल." मी हसायचो आणि त्यावर भाषण करायचो. बाकडं तिथेच आहे.

माझं म्हणशील तर आवाज गेला आहे. गेल्या महिन्यात कोगनोळीला नाक्याजवळ सभा होती. ट्रकांच्या भोंग्यांवर आवाज चढवता चढवता घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बोलायचं नाही. वीस वर्षांत मला ‘बोलू नका’ असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं असेल. खरं सांगू, मला बरं वाटलं. दमलो आहे. पायऱ्या चढून येतं तसलं दमणं नव्हे. शब्द उचलताना जड लागतात.

तेव्हा आता लिहितो.

भरमू गवळ्याच्या मृत्यूच्या चौकशी समितीची दुसरी बैठक बारा तारखेला आहे, हे तुला कळवलं असेलच. ट्रस्टचे चिटणीस मारुतीराव यांनी तुझा पहिला जबाब मला दाखवला. दोन ओळींचा. "रोग्याच्या बायकोचे बोलणे मला समजले नाही. मी कोणास विचारले नाही." खाली तुझी सही, तीच नीटनेटकी, कानडी वळणाची. त्याखाली मारुतीरावांच्या अक्षरात शेरा: केसपेपर गहाळ. ही बैठक झाली की नर्सिंग कौन्सिलला पत्र जाणार आणि तुझं सर्टिफिकेट रद्द होणार. तू त्याच्यासाठी तीन वर्षं कशी काढलीस ते आमच्या घराने पाहिलं आहे. स्वयंपाकघरात चुलीच्या उजेडाशी सरकून अभ्यास करायचीस. मराठी अक्षरं मी तुला तिथेच शिकवली.

त्या जबाबातली दुसरी ओळ खरी नाही. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी गुंजीचं सांगतो.

१८ सप्टेंबरला, रविवारी, मी गवळीवाड्यावर गेलो. गुंजीला उतरलो आणि तिथून दोन तास चढण. जळवांनी पायाचं काय केलं ते सांगत नाही, तू हसशील. आठ-दहा झोपड्या आहेत, कारवीच्या कुडाच्या. भरमूची बायको गुणाबाई म्हशीखाली बसली होती, धार काढत. मला बघून उठली नाही.

"कोन गा तुमी?"

"बेळगावहून आलो. दवाखान्यातला."

तिने मान वर केली आणि बघत राहिली. "खिडकीतलं व्हय. तुमी लिवत हुता."

"होय."

"बसा मग. दूध पिऊन जावा. बाकडं न्हाय आमच्यात, खालीच बसायला लागंल."

टोमणा होता की साधं बोलणं, कळलं नाही. मी जमिनीवर बसलो. तिचा सासरा दाराशी घोंगडी पांघरून बसला होता. त्याला ऐकू कमी येतं असं वाटलं, पण नको ते सगळं येत होतं.

मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतं? पुन्हा सांगा."

"आता इचारताय?"

"होय, आता."

"पान लागलं म्हनलं. तीनदा म्हनलं. एकदा तुमाला म्हनलं, एकदा त्या सिस्टरला म्हनलं, ती आतबाहेर पळत हुती. मग कोनच ऐकना तवा भिताडाला म्हनलं."

"साप चावला असं का नाही म्हणालात?"

तिने पदर तोंडावर धरला. म्हातारा एकदम बोलला, "मास्तर, घरात त्याचं नाव घेऊ नगा. नाव घेतलं की येतंय ते."

"अहो, पण दवाखान्यात तरी..."

"दवाखाना काय रानाभाईर हाय?" गुणाबाई म्हणाली. "मानूस जित्तं हुतं तवर. ज्याला लागलंय त्याच्या म्होरं नाव घेतलं तर इख वर चढतंय. मी कशी घेऊ नाव? माझ्या तोंडानं त्याला मारू?"

म्हैस पाय आपटत होती. मग तिने विचारलं, "तुमी लिवलं काय मग त्या कागदावर?"

मी म्हणालो, "लिहिलं काहीतरी."

"काहीतरी," ती म्हणाली आणि चरवी उचलून आत गेली.

गंगव्वा, तिला मी सांगू शकलो नाही. तुला सांगतो. तू तिथे होतीस, अर्धं तुला माहीत आहे. पण बाकीचं अर्धं मी एकदा माझ्या हाताने सरळ लिहायलाच हवं.

मंगळवार, २६ जुलै. सकाळच्या गाडीने त्यांनी भरमूला आणलं. घोंगडीची झोळी, बांबू, दोघे धरणारे. वॉर्डबॉयने सवयीप्रमाणे त्यांना दाराआडच्या बाकड्यावर बसवलं. त्या दोघांना तिथेच ठेवून गुणाबाई खिडकीशी आली. ओली होती, अंगाला म्हशीचा आणि धुराचा वास. मी नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. वय तिला सांगता येईना, मी अंदाजे तीस लिहिलं. मग विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, "पान लागलं."

तू निपाणीची नाहीस. निपाणीत पान म्हणजे तंबाखूचं पान. दुसरं पान तिथे नाही. माझी आई पंधरा वर्षं वखारीत बसून पान झाडत होती. बंद शेड, तोंडावर फडकं, हवेत भुकटी. आठवड्यातून एखादा दिवस ती घरी यायची ती भिंतीला धरून. ओकायची, डोळे मिटायची, जीभ जड व्हायची. आम्ही पोरं घाबरायचो. ती म्हणायची, "काय न्हाय रं, आज पान लागलंय. गुळाचं पानी द्या आन् निजू द्या." दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा वखारीला. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात हे होतं. पान लागणं म्हणजे रोजगाराचा एक भाग. त्याने कुणी मरत नाही, लगेच तरी नाही.

मी मान उंचावून बाकड्याकडे पाहिलं. भरमूच्या पापण्या मिटत होत्या. तोंडाशी फेस. बोलायला बघत होता तर जीभ अडखळत होती. अगदी आईसारखंच. मी मनातल्या मनात म्हणालो, आहे ओळखीचं. आणि लिहिलं: तंबाखू लागून घेरी, उलटी. निरीक्षणाखाली ठेवणे.

ती अजून बोलत होती. निजला होता, पहाटे पोटात दुखायला लागलं, घोंगडीत काहीतरी वळवळलं. ‘काहीतरी’ म्हणत होती ती. माझं लिहून झालं होतं. मी म्हणालो, "बरं बरं, बसा तिथं."

तू आतून आलीस. हातात सलाईनची बाटली होती. तू कानडीत विचारलंस, "एन अंताळ्री अण्णा, इकी?" काय म्हणते ही? मी केसपेपर तुझ्या हातात दिला आणि म्हणालो, "तंबाखू लागली म्हणते. पडू दे तासभर." तू माझ्यावर विश्वास ठेवलास. का ठेवू नयेस? मी मराठी, ती मराठी. आणि मी तर त्या भाषेसाठी चौकाचौकांत घसा फोडणारा.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. एक वाजून दहा मिनिटांनी तू पुन्हा आलीस. तू त्याची पापणी बोटाने उचललीस, सोडलीस, ती पडली. तू म्हणालीस, "अण्णा, हे बरोबर दिसत नाही. पापणीच उचलेना झालीय. बाईला परत विचारा ना, खरंच तंबाखूच का." तुझा तो प्रश्न मला शब्द न् शब्द आठवतो. मी वर न बघता म्हणालो, "एकदा सांगितलं ना गंगव्वा. आमच्यात रोजचं आहे हे."

मी वर का बघितलं नाही, तेही लिहितो. त्या दिवशी संध्याकाळी खासबागच्या चौकात माझं भाषण होतं. मी मुद्दे काढत होतो. कोरा कागद जवळ नव्हता, म्हणून तू माझ्या टेबलावर ठेवलेला केसपेपरच उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहीत होतो. भरमूचा केसपेपर. पहिला मुद्दा असा होता: माणसाचं दुखणं त्याच्या भाषेत ऐकलं गेलं पाहिजे.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी भरमूचा श्वास थांबला. ऑपरेशनमधून बाहेर आलेल्या डॉक्टरांना त्याच्या करंगळीवर दोन बारीक टिपके दिसले. मण्यार, ते म्हणाले. सापाच्या विषावरची लस आतल्या खोलीत फ्रीजमध्ये होती. त्या बाकड्यापासून फ्रीजपर्यंत अठरा पावलं. मी नंतर मोजली.

आणि शब्द मला माहीत होता, हे सगळ्यांत वाईट. वाचलेला होता. दोन वर्षांपूर्वी आपल्या अभ्यासमंडळात मी परशरामला हेच समजावून सांगितलं होतं की खेड्यातला माणूस सापाचं नाव घेत नाही, लांबडं म्हणतो, जनावर म्हणतो, पान लागलं म्हणतो. त्याने वहीत उतरवून घेतलं होतं. पुस्तकातला शब्द मला सभेत आठवतो. खिडकीशी ओली बाई उभी असताना आठवला नाही. तिच्यापुढे मी निपाणीच्या वखारीतला पोरगा झालो आणि स्वतःचीच भाषा ऐकली, तिची नव्हे.

संध्याकाळी मी चौकात उभा राहिलो. भरमूची बातमी तोवर पसरली होती. लोक तापले होते, आणि तापलेले लोक दिसले की माझ्या जिभेला काय होतं ते तुला माहीत आहे. मी म्हणालो, आज आपल्या सीमाभागातला एक माणूस मेला, कारण त्याच्या बायकोचं बोलणं कानडी परिचारिकेला कळलं नाही. विषाने मेला नाही, भाषेने मेला. टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. कॅज्युअल्टीत कानडी परिचारिका एकच होती.

तू तेव्हा माझ्या आईजवळ स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होतीस. लाउडस्पीकरचा आवाज तिथपर्यंत येतो, हे मला ठाऊक होतं. आईने सांगितलं, तू तव्यावरची भाकरी काढलीस, पीठ झाकलंस, हात धुतलेस. मी घरी आलो तेव्हा तू मला वाढलंस. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टने तुला घरी बसवलं आणि तू हुक्केरीला गेलीस. जाताना वहिनीला म्हणालीस, "अण्णांचं नाव निघालं तर आपल्या माणसांसाठी बोलायला कोण राहील?" हे तिने मला महिन्याने सांगितलं. तोवर मी आणखी चार सभांत तेच बोललो होतो.

कबूल करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गुंजीहून आल्यावर पुढच्या रविवारी, २५ तारखेला, भरमूच्या नावाने चौकात सभा ठेवली होती. आवाज तेव्हाच फाटलेला होता. माइक तोंडाशी धरून मी म्हणालो, "भरमूला मी मारलं." मला वाटलं, झालं, सुटलो. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. मागून कुणी ओरडलं, "आपण सगळ्यांनी मारलं." परशरामने माइक घेतला आणि म्हणाला, "बघा, अण्णांनी समाजाचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं." पुन्हा टाळ्या. मी हात वर करून सांगत होतो, अरे नाही, ऐका, खरंच. तर त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. इतकी वर्षं मी त्यांना असं ऐकायला शिकवलं, की मी खरं बोललो तरी त्यांना भाषणच ऐकू येतं.

मंगळवारी मारुतीरावांकडे गेलो. म्हणालो, सिस्टरने मला विचारलं होतं. दोनदा. चुकीचं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सिद्राम, तुमची भाषणं आम्ही पेपरात वाचतो. जुलैत तुम्ही म्हणालात, नर्सला भाषा कळली नाही. आता म्हणता, तुम्हाला कळली नाही. आणि ती स्वतः लिहून देते की मी कुणाला विचारलं नाही. समितीने कुणाचं धरायचं?"

"माझं धरा."

"तिला तुम्ही बहीण मानता, सगळ्या खासबागला माहीत आहे. मानलेल्या बहिणीला वाचवायला आलाय, असंच म्हणतील. कागद आहे का काही?"

मी म्हणालो, नाही.

गंगव्वा, कागद तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. हे ते, जे मी या पत्रात पहिल्या ओळीपासून टाळत आलो. केसपेपर गहाळ झाला नव्हता. भरमू गेला त्याच दुपारी मी तो घडी करून खिशात घातला, मागचे भाषणाचे मुद्दे कुणाला दिसू नयेत म्हणून. तेवढंच कारण होतं, माझी लाज. घरी येऊन उलटून पाहिला तेव्हा दिसलं की माझ्या अक्षराखाली तुझीही एक ओळ आहे, मी चहाला उठलो तेव्हा लिहिलेली, पेन्सिलीने, कानडीत: "१.१०. पापण्या उचलत नाही. अण्णांना पुन्हा विचारले." खाली तुझं आद्याक्षर. तू आपलं काम करून ठेवलं होतंस. मी ते दोन महिने खिशात घेऊन फिरलो.

आणखी एक. तुझं कपाट रिकामं करताना वॉर्डबॉयने एक वही मला आणून दिली. वरून कानडी लिपी दिसली, मला वाटलं हिशेबाची. कानडी मला वाचता येतं हे तो जाणतो. आत गवळ्यांचे शब्द होते. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे दुखणं. ‘वारं भरलं’ म्हणजे झटके. ‘कूस धरली’ म्हणजे बाजूला कळ. ‘अंग काढलं’ म्हणजे ताप उतरून घाम आला. त्र्याहत्तर शब्द. बाकड्याशी बसून तू बायकांना विचारत होतीस आणि लिहीत होतीस. ज्या बाईला आमची भाषा कळत नाही असं मी चौकात ओरडलो, ती एकटीच त्या अख्ख्या दवाखान्यात ती भाषा शिकत होती. ‘पान’ त्यात नाही. तिथवर तू पोचली नव्हतीस. मी दाखवलेल्या वाटेने पोचणारही नव्हतीस.

पत्र संपवण्याआधी आता काय चाललं आहे ते सांगतो. गुणाबाईच्या वाड्यावरची माणसं दवाखान्यात येईनाशी झाली आहेत. गेल्या आठवड्यात एका बाळंतिणीला गुंजी स्टेशनपर्यंत आणलं आणि तिथूनच परत नेलं. गार्डने विचारलं तर म्हणाले, तिथं भिताडाशी बोलायला लागतंय. बाई वाचली की नाही, अजून कळलेलं नाही. मी निरोप पाठवला आहे.

निघताना मी गुणाबाईला विचारलं होतं, दवाखान्याने काय करावं? मोठं काहीतरी मागेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आमचं एक मानूस तितं बसवा. खुर्ची नगं, खाली बसंल. आमचं बोलनं आमच्या तोंडानं आत जाऊ द्या. आन् बसवायच्या आधी मानसाला बघा." बस. वीस वर्षांच्या माझ्या भाषणांत एवढं सरळ वाक्य नाही.

हे मी मारुतीरावांना सांगितलं. ते म्हणाले, दोष नर्सचा होता, नर्स गेली, मराठी नर्स घेतली, प्रश्न मिटला. आणि समितीही हेच लिहिणार आहे. नीट विचार कर, गंगव्वा. तुला काढून प्रश्न मिटतो. माझं नाव आलं की मिटत नाही. मराठी खिडकीत मराठी बाई मराठीत बोलली आणि तरी ऐकली गेली नाही, असं एकदा कागदावर आलं तर भाषेवर ढकलता येत नाही, तुझ्यावर ढकलता येत नाही. मग त्यांना बाकड्याकडे बघावं लागेल. दाराआड का, आधी तपासलं का नाही, रानातलं माणूस आत का नाही, हे विचारावं लागेल. तू मला वाचवलंस तर ते बाकडंही वाचतं. एवढं तरी मला भाषण न करता सांगता आलं, असं समज.

माझा जबाब मी आज सकाळी लेखी दिला आहे, सहीनिशी. आवाज नाही, म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण तुझा पहिला जबाब आहे तोवर माझा कुणी धरणार नाही. सोबत केसपेपर पाठवतो आहे, दोन्ही बाजूंसह. मागचे मुद्दे खोडलेले नाहीत. ती पेन्सिलीची ओळ तुझी आहे, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. मी नेऊन दिला तर बनवून आणला म्हणतील. वहीही पाठवतो. ‘पान’ मी त्यात लिहिलेलं नाही. तुझी वही आहे.

आईला हे सगळं काल कानाशी कुजबुजून सांगितलं. ती बराच वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "वखारीत आमी पान म्हनायचो ते बरुबर हुतं रं. तू खिडकीत हुतास." आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तुला जय भीम सांगायला सांगितलं आहे. वहिनीनेही.

म्हातारा म्हणाला होता, नाव घेतलं की येतंय ते. ती माणसं भीतीने नाव घेत नाहीत. तू मायेने माझं घेतलं नाहीस. पण नाव दडलं की मरण येतंच, आणि अजून येईल.

म्हणून एवढंच कर. बुधवारी, बारा तारखेला, सकाळी अकरा वाजता समितीपुढे हा कागद ठेव, आणि तू कुणाला विचारलं होतंस असं त्यांनी विचारलं की माझं नाव घे. मोठ्याने घे. मी दाराआडच्या बाकड्यावर बसलेला असेन. घेतलंस की आत येईन.

तुझा
सिद्राम